त्या वर्गात माझ्यासारखं कोणी असेल का?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वय 43. दर वर्षी वर्गात दोन-चार मुलं अशी असतात, की तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर देतात आणि तेच गणित वहीत मांडायला सांगितलं की सगळं कोलमडतं. शाळेतलं उत्तर ठरलेलं आहे : सराव कमी पडतो. मला ते पटत नाही. म्हणून विशेष शिक्षणातल्या मास्टर्सची चौकशी केली.

दोन ठिकाणं डोळ्यांसमोर आहेत. एक पूर्णवेळ, दिवसा भरणारं. दुसरं अर्धवेळ, संध्याकाळचं. दोघांनीही आपल्या विद्यार्थ्यांचा तक्ता पाठवला. पहिल्या ठिकाणी जवळजवळ सगळ्या मुली, सरासरी वय पंचविशीच्या आसपास. दुसरीकडे वयं जास्त आहेत, पण पुरुष तिथेही नावापुरतेच. दोन्हीकडे ‘दिव्यांग विद्यार्थी’ हा रकाना जवळपास रिकामा. मला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. शाळेत हे फारसं कोणाला माहीत नाही.

या वर्गात मी शोभेन का? दोन्हींपैकी कुठला अभ्यासक्रम घेऊ? आणि फॉर्मवरचा तो रकाना भरू, की गप्प बसू?

ता. क. मुख्याध्यापकांना आताच सांगू, की प्रवेश मिळाल्यावर?

– डाव्या कोपऱ्यात बसणारा

उत्तर

नमस्कार सर,

पहिला प्रश्न तुम्ही गणिताच्या शिक्षकासारखा विचारलेला नाही, म्हणून आधी तिकडेच वळते. सरासरी वय वाचलंत आणि स्वतःला त्या वर्गातून वजा करून टाकलंत. समजा, एका वर्गात दहा जण आहेत. सहा जण 23 वर्षांचे, चार जण 43 वर्षांचे. सरासरी येते 31, आणि 31 वर्षांचं माणूस त्या वर्गात एकही नाही. हे तुम्ही नववीच्या मुलांना शिकवता. स्वतःचं वय मध्ये आलं की आपण सगळेच नववी विसरतो.

विशेष शिक्षणाच्या मास्टर्सचा वर्ग पुष्कळदा असाच दोन ढिगांचा असतो. एका ढिगात पदवी नुकतीच हातात पडलेली मंडळी. त्यांचं वाचन ताजं असतं, परीक्षेची सवय मोडलेली नसते, आणि प्रत्यक्ष मुलांसमोर उभं राहायची धाकधूक चेहऱ्यावर दिसते. दुसऱ्या ढिगात दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेले. कोणी साध्या शाळेतले शिक्षक. वर्गातल्या एखाद्या मुलापुढे आपलं शिकवणं थिटं पडलं म्हणून आलेले. कोणी वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपीतून (रोजची कामं करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारातून) वळलेले. कोणी भलत्याच क्षेत्रातली चांगली नोकरी सोडून आलेले. आणि बऱ्याच जणांचं कारण घरातच असतं. स्वतःचं मूल, नाहीतर भाऊ किंवा बहीण. हे शेवटचे पहिल्या आठवड्यात काहीच बोलत नाहीत, आणि एकदा बोलायला लागले की वर्गातली पाठ्यपुस्तकं मिटतात.

हा दुसरा ढीग आला कुठून, तेही सांगते, कारण तुम्ही त्यातलेच आहात. 1994 च्या जूनमध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात 92 सरकारांचे आणि 25 आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जाहीर केलं, की दिव्यांग मुलांनाही नेहमीच्या शाळेतच जागा मिळाली पाहिजे. घोषणा झाली तरी वर्ग एका रात्रीत बदलले नाहीत. पण त्या दिशेने धोरणं सरकत गेली, तसं विशेष शिक्षण हे वेगळ्या इमारतीतल्या वेगळ्या शिक्षकांचं काम राहिलं नाही. ते गणिताच्या, भाषेच्या, चित्रकलेच्या शिक्षकाच्या दारात आलं, आणि दार उघडल्यावर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. या क्षेत्रात माणसं कमी पडतात. अमेरिकेतली बहुतेक राज्यं वर्षानुवर्षं विशेष शिक्षकांची टंचाई नोंदवत आली आहेत. तिथे अनेकांना तात्पुरत्या परवान्यावर नेमतात आणि ठरावीक मुदतीत शिक्षण पुरं करायची अट घालतात. दिवसा शिकवायचं, रात्री शिकायचं. संध्याकाळच्या वर्गातली वयं वाढलेली दिसतात ती यामुळे.

तेव्हा वयाची काळजी सोडा. पुरुष असण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुम्हाला भीती वाटते त्याच्या नेमकं उलट घडायची शक्यता आहे.

स्त्रिया जास्त असणं हे या अभ्यासक्रमाचं वैशिष्ट्य नाही, शिक्षकी पेशाचंच आहे. जगभरातले प्राथमिक शिक्षक घेतले, तर साधारण दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत 2020-21 मध्ये 77 टक्के शिक्षक स्त्रिया होत्या. लहान मुलांकडे आणि विशेष शिक्षणाकडे जावं, तसे पुरुष आणखी विरळ होतात. कारणं तुम्हाला माहीत आहेत : पगार, प्रतिष्ठा, आणि ‘सांभाळायचं’ काम बायकांचं, हा जुना समज. त्या तक्त्यातला पुरुषांचा आकडा म्हणजे प्रवेशाचा निकष नाही. समाजाने तो आधीच लिहून ठेवलेला आहे, कॉलेजने फक्त छापलाय.

क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1992 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिका, प्राथमिक शिक्षिका, ग्रंथपाल आणि समाजसेविका अशा, स्त्रिया बहुसंख्य असलेल्या चार पेशांत जे थोडे पुरुष शिरतात, त्यांचं पुढे काय होतं, हे त्यांनी पाहिलं. त्यांना दिसलं, की हे पुरुष अडवले जात नाहीत, उलट वर ढकलले जातात. वर्गातून कार्यालयात, कामातून देखरेखीत. स्वतःला नको असलं तरी. मीही हेच पाहत आले आहे. गटचर्चेत पाच बायका आणि एक पुरुष असला, की निष्कर्ष मांडायला कोण उभं राहतं? न ठरवता तोच. पाहुणे व्याख्याते प्रश्न विचारताना बघतात कोणाकडे? त्याच्याकडेच. तुमच्याकडे तर शिकवण्याचा अनुभवही आहे, त्यामुळे हे पहिल्याच महिन्यात सुरू होईल. माझं म्हणणं एवढंच, की गटाचं पुढारपण पहिल्या सत्रात घेऊ नका. टिपणं काढायचं, वेळ लावायचं, मुलासाठी साहित्य कापून चिकटवायचं काम घ्या. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. विशेष शिक्षणात खरं शिकायला मिळतं ते याच कामांत, आणि जो सारखा सादरीकरण करत राहतो त्याच्या हातून ते निसटतं.

दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाच्या शाळेत घडेल. अंगाने मोठी, चिडली की आवरायला कठीण अशी मुलं तुमच्याकडे सोपवली जातील. ‘सर आहेत ना, सर बघतील.’ पहिल्यांदा बरं वाटेल. मग लक्षात येईल, की इतरांना वाचन शिकवायला मिळतंय आणि तुमच्या वाट्याला नुसता बंदोबस्त आला आहे. ते आधीच बोलून घ्या : वर्तनाच्या अडचणी असलेलं एक मूल घेईन, पण बाकीची मुलं शिकवण्यासाठी हवीत.

इथे आकड्यांची एक गंमत आहे, ती तुम्हाला आवडेल. शिकवणाऱ्यांत पुरुष कमी, पण शिकणाऱ्यांत मुलगे जास्त. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या सेवा घेणाऱ्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलगे आहेत. स्वमग्नतेचं निदान मुलींपेक्षा मुलग्यांत तिपटीहून अधिक होतं. यात काही भाग शरीराचा असेलही. पण काही भाग बघणाऱ्याच्या नजरेचा आहे. बाक वाजवणारा, उठून फिरणारा, दुसऱ्याची वही फाडणारा मुलगा तपासणीला पाठवला जातो, कारण त्याचा वर्गाला त्रास होतो. मागच्या बाकावर गप्प बसून फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवणारी, एकही गणित न समजलेली मुलगी कोणाच्या नजरेत येत नाही. त्रास तिला होत असतो, वर्गाला होत नाही. तुम्ही म्हणता ती दोन-चार मुलं मुलगेच आहेत का, हे पत्रात आलेलं नाही. एकदा हजेरीपट घेऊन बसा. मुलगेच असतील, तर तेवढ्याच मुली तुमच्या वर्गात अजून सापडायच्या राहिल्या असतील.

(त्या मुलांना डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली अक्षमता, आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही ते बरं केलंत. 3 ते 7 टक्के मुलांत तो असावा असा अंदाज सांगितला जातो. पण तोंडी बरोबर आणि कागदावर चूक याची कारणं अनेक असू शकतात : लिहिण्याची अडचण, जागेचा अंदाज, लक्ष टिकणं, किंवा पेपराची नुसती धास्ती. ती वेगळी करून ओळखायची कशी, हे शिकायलाच तर तुम्ही निघाला आहात. तोवर त्यांच्या कपाळावर काही चिकटवू नका. आणि हरकत नसेल, तर त्यांना चौकटीच्या वहीत लिहू द्या, एका पानावर दोनच गणितं द्या, आणि काही गुण तोंडी उत्तराला ठेवा. याला कुठल्याही पदवीची गरज लागत नाही.)

आता तक्त्याकडे येऊ. वर्गात कोण बसलंय, हे मोजायची गरज मुळात पडलीच का? विशेष शिक्षणाच्या इतिहासात या मोजणीने मोठी उलथापालथ केली आहे. 1968 मध्ये लॉइड डन या अमेरिकन तज्ज्ञांनी एक लेख लिहून स्वतःच्याच क्षेत्राला घरचा आहेर दिला. सौम्य मतिमंद म्हणून – तेव्हाचा शब्द तोच होता – वेगळ्या वर्गांत बसवलेल्या मुलांत गरीब आणि अल्पसंख्य घरांतल्या मुलांचा भरणा आहे, आणि त्यांतल्या अनेकांना तिथे बसवायचं काही कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. पाठोपाठ 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने ‘लॅरी पी.’ नावाने ओळखला जाणारा खटला उभा राहिला. 1979 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की ज्या बुद्धिमापन चाचण्यांवरून या मुलांना त्या वर्गांत टाकलं जातं, त्या त्यांच्या बाबतीत भेदभाव करणाऱ्या आहेत. कॅलिफोर्नियात तसा वापर थांबवावा लागला. आज अमेरिकेच्या कायद्यानुसार राज्यांना हे तपासावंच लागतं, की एखाद्या वंशगटातली मुलं प्रमाणाबाहेर विशेष शिक्षणात ढकलली जात नाहीत ना.

मूल तपासणीला पाठवायचं का, हे आधी ठरवतो शिक्षक. आणि शिक्षक कोण? 2020-21 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांतले 80 टक्के शिक्षक गोरे होते, विद्यार्थ्यांत मात्र गोरे निम्म्याहून कमी. म्हणजे घरी बोलली जाणारी भाषा वेगळी, नजरेला नजर न देण्याचा अर्थ वेगळा, मोठ्यांसमोर गप्प बसणं हा मान की मंदपणा याचा हिशेब वेगळा. हे सगळं न ओळखणारा माणूस मुलाचं भवितव्य लिहिणार. हे नातं फक्त वंशापुरतं नाही. श्रीमंत-गरीब, शहर-खेडं, प्रमाण भाषा-बोली, कुठल्याही समाजात हीच गाठ वेगळ्या दोऱ्यांनी बांधलेली असते. म्हणून कॉलेजं आपल्या विद्यार्थ्यांचे तक्ते करतात, किंवा करायला हवेत. तो तक्ता कॉलेजला जाब विचारण्यासाठी आहे : तुमच्या वर्गात कोण नाही, आणि का नाही? तुम्ही तो प्रश्न स्वतःवर ओढवून घेतलात.

आणि आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, तुम्ही तो शेवटी सरकवला असलात तरी.

1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 164 प्रतिनिधी होते. त्यांत कर्णबधिर कोण, असं विचारलं तर इतिहासकार एकच नाव ठामपणे घेतात, जेम्स डेनिसन या अमेरिकन शिक्षकाचं. बाकी सगळे ऐकू येणारे. त्यांनी प्रचंड बहुमताने ठराव केला, की मुलांना हातांच्या खुणांनी शिकवायचं नाही, ओठ वाचून आणि तोंडाने बोलूनच शिकवायचं. त्यानंतर कित्येक देशांत शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या वर्गात हात बांधून बसल्या. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या व्हँकुव्हरच्या बैठकीत ते ठराव अधिकृतपणे फेटाळून खेद व्यक्त झाला, तेव्हा साल होतं 2010. एकशे तीस वर्षं. त्या सभागृहातल्या बहुतेकांना मुलांचं भलंच करायचं होतं याबद्दल मला शंका नाही. ज्याच्याबद्दल ठरवायचं, तो खोलीत नव्हता.

दुसरी बाजूही आहे. पॅरिसच्या अंधशाळेत डोळस माणसांनी डोळसांचीच अक्षरं कागदावर उठावदार करून मुलांना वाचायला दिली होती. वाचायला हळू, लिहायला तर जवळजवळ अशक्य. लुई ब्रेल त्याच शाळेचा विद्यार्थी, नंतर तिथलाच शिक्षक. त्याने 1824 च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, ठिपक्यांची लिपी बसवली. बोटाला काय कळतं हे त्याला माहीत होतं, कारण बोट त्याचं होतं. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी. अंध आणि कर्णबधिर हेलन केलरपर्यंत शिक्षिका म्हणून पोहोचलेल्या अ‍ॅन सुलिव्हनचे स्वतःचे डोळे लहानपणीच्या खुपऱ्यांनी अधू झालेले होते आणि ती अंधशाळेतच शिकली होती. 1887 च्या मार्चमध्ये ती केलरांच्या घरी आली, तेव्हा वय वीस. आणि वॉशिंग्टनमधलं गॅलॉडेट विद्यापीठ, 1864 पासून कर्णबधिरांना उच्च शिक्षण देणारं. तिथे पहिला कर्णबधिर अध्यक्ष यायला 1988 साल उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी आठवडाभर आवार बंद पाडल्यावर.

संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं 24 वं कलम शिक्षणाचं आहे. त्याच्या चौथ्या परिच्छेदात सरकारांना सांगितलं आहे, की खुणांची भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक नेमा, आणि त्यांत दिव्यांग शिक्षकही असू द्या. म्हणजे तुम्ही वर्गात आलात तर तुम्हाला कोणी सांभाळून घेणार आहे, असं चित्र मनातून काढून टाका. त्या वर्गाला तुमच्या अनुभवाची गरज आहे.

तो रकाना रिकामा आहे म्हणून तशी माणसं नाहीत, असंही समजू नका. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत 2019-20 मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी 11 टक्क्यांनी आपल्याला काही अपंगत्व असल्याचं सांगितलं. ही झाली पाहणीतली उत्तरं. कॉलेजला प्रत्यक्ष कळवणारे त्याहून फार कमी. पदवीच्या विद्यार्थ्यांत तर निम्मेसुद्धा कळवत नाहीत असं दिसलं आहे. विशेष शिक्षणाच्या वर्गात हा संकोच आणखी चमत्कारिक रूप घेतो. आज अध्ययन अक्षमतेवर निबंध लिहिणारी मुलगी स्वतः डिस्लेक्सिक, म्हणजे वाचन-लेखनात अडखळणारी, असते आणि ते वर्गात सांगत नाही. तिला वाटतं, शिकवणारीलाच हे असलं तर माझ्याकडे मूल कोण देईल? तुम्हीही शाळेत तेच करत आला आहात, सर.

तेव्हा माझं मत : भरा. पण डोळे उघडे ठेवून भरा, कारण बहुतेक ठिकाणी हे दोन वेगळे कागद असतात. एक तक्त्यासाठी. त्यात नाव पुढे जात नाही, नुसती संख्या मोजली जाते. दुसरा सोयीसुविधांसाठी. तो त्या कामाच्या कार्यालयाकडे जातो, त्याला वैद्यकीय कागद जोडावा लागतो आणि तो प्रवेश समितीपासून वेगळा ठेवला जायला हवा. तसा ठेवतात का, हे ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पहिला कागद भरला नाहीत तरी तुमचं काही अडणार नाही. दुसरा मात्र पहिला तास व्हायच्या आधी भरून द्या. एका कानाने ऐकणारा माणूस शांत खोलीत, समोरासमोर, कुणाला पत्ता लागू देत नाही; तुमचं शाळेत निभावलं ते म्हणूनच, शिवाय तिथे बोलणारे तुम्हीच असता. मास्टर्सच्या वर्गात गोलाकार बसून चर्चा होतात. आवाज कुठून आला हे एका कानाला नीट कळत नाही, आणि मागे पंखा किंवा कुजबुज असली की शब्द विरघळतात. दोन तास असं ऐकून डोकं किती शिणतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यात तुम्ही दिवसभर शिकवून आलेले असाल.

काय मागायचं तेही सांगते. गोलात तुमच्या डाव्या हाताला भिंत येईल अशी कायमची जागा. मोठ्या खोलीत सगळ्यांनी माइकवर बोलणं. ध्वनिमुद्रणं आणि ऑनलाइन तास असले तर बोललेलं लिहून दाखवणारी मजकूर-पट्टी, आणि ती माणसाने तपासलेली. आपोआप उमटणारी पट्टी नेमक्या पारिभाषिक शब्दालाच घसरते. प्रात्यक्षिकाच्या वर्गात मूल कुठल्या बाजूला बसवायचं, हे ठरवायची मुभा. यांतलं काही महागडं नाही. हे मागताना ते लोक कसे वागतात, ते तुम्हाला अभ्यासक्रमाबद्दल माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगेल. विशेष शिक्षण शिकवणारी संस्था एका कानासाठी खुर्ची हलवायला कुरकुर करत असेल, तर तिथे शिकायचं तरी काय?

आता दोन्हींपैकी कुठला. माझा कल संध्याकाळच्या वर्गाकडे आहे, वयासाठी नव्हे. तिथे सोमवारी शिकलेलं मंगळवारी सकाळी तुमच्या त्या दोन-चार मुलांवर करून बघता येईल आणि गुरुवारी परत येऊन ‘हे चाललं नाही’ असं सांगता येईल. पूर्णवेळ वर्गात ही संधी प्रात्यक्षिकापुरतीच मिळते. पण संध्याकाळच्या अभ्यासक्रमांचं एक दुखणं आहे, आणि ते तुमच्याकडे आलेल्या तक्त्यात दिसणार नाही. त्यात प्रवेश घेणारे मोजलेले असतात. पूर्ण करणारे किती?

अर्धवेळ शिकणारी माणसं हुशारी कमी पडल्याने गळत नाहीत. ती गळतात प्रात्यक्षिकाच्या सत्रात. वर्ग संध्याकाळी भरतो, पण शाळा दिवसाच भरतात, मुलं दिवसाच भेटतात. मग ज्याची नोकरी दिवसा आहे, त्याने प्रात्यक्षिक कधी करायचं? काही अभ्यासक्रम स्वतःच्याच शाळेत काही तास देखरेखीखाली करायची मुभा देतात, काही देत नाहीत. काही ठिकाणी वेगवेगळ्या अपंगत्वाच्या मुलांसोबत काम सक्तीचं असतं आणि ते तुमच्या शाळेत होऊच शकत नाही. लहान मूल घरात असलेल्या बाया तर इथेच हात टेकतात. वयाचा, लिंगाचा, नोकरीचा तो सगळा तक्ता या एका सत्रात बदलून जातो, आणि दीक्षान्त समारंभात दिसणारा वर्ग पहिल्या दिवशीच्या वर्गापेक्षा तरुण आणि मोकळा निघतो.

म्हणून कॉलेजला हे विचारा : अर्धवेळ प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी पूर्ण केलं, आणि किती वर्षांत? प्रात्यक्षिकाचे तास किती, त्यांतले स्वतःच्या शाळेत किती चालतील? सरासरी नको, वयोगटांप्रमाणे संख्या द्या. शिकवणाऱ्यांत स्वतः दिव्यांग कोणी आहे का? गेल्या बॅचच्या एखाद्या नोकरदार विद्यार्थ्याशी बोलता येईल का? शेवटचा प्रश्न विचारताना ‘माझ्यासारखाच’ माणूस मागू नका. दोन मुलांची आई असलेली शिक्षिका मिळाली तर तिच्याशीच बोला. वेळापत्रकाच्या भेगा तिला तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असतील.

पूर्ततेचा आकडा द्यायला टाळाटाळ झाली, किंवा स्वतःच्या शाळेत एकही तास चालणार नाही असं उत्तर आलं, तर माझा कल बाजूला ठेवा आणि बिनपगारी रजा किती काळ परवडेल त्याचा हिशेब मांडून पहिल्या अभ्यासक्रमाकडे बघा. पंचविशीतल्या मुलींसोबत तुमचं छान जमेल. गणिताला घाबरणारं त्यांच्यात कोणीतरी असेलच.

मुख्याध्यापकांचं : आताच सांगा. प्रवेशानंतर सांगितलंत तर ती नुसती खबर होईल. आता सांगितलंत तर प्रात्यक्षिकाचे तास तुमच्याच शाळेत करू देण्याचं पत्र त्यांच्याकडून मागता येईल, आणि ते पत्र अर्जासोबत जोडलेलं बरं. कानाचा विषय त्याच बैठकीत काढायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण उद्या कॉलेजची माणसं देखरेखीला शाळेत येतील आणि बसायच्या जागेबद्दल बोलतील, तेव्हा मुख्याध्यापकांना ते त्यांच्याकडून पहिल्यांदा कळू नये.